काकाचा कॉम्प्युटर भंगारात द्यायचा का?



इथे आपण बहुतेक वेळा रामबागेतल्या वाड्यांच्या, गणपतीच्या आणि जुन्या मास्तरांच्या आठवणी वाचतो. आज मी एका कॉम्प्युटरबद्दल लिहितोय, आणि तोही अभ्यासाच्या नव्हे, खेळायच्या. ज्यांना विषय थिल्लर वाटेल त्यांनी खुशाल पुढे जावं, राग नाही. पण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी दहा-बारा वर्षांपूर्वीचं एक असेंबल्ड डबडं कपड्याखाली झाकून ठेवलेलं आहे आणि अकरावी-बारावीतलं एक नातवंड त्याच्यासाठी काही तरी मागतंय, हे मला माहीत आहे. त्यांच्यासाठी लिहितो.

२०२५ च्या उन्हाळ्यात दहावीची परीक्षा संपल्यावर थोरल्याचा मुलगा माझ्याकडे आला. "आबा, काकाच्या कॉम्प्युटरमध्ये नवीन ग्राफिक्स कार्ड टाकायचंय." खेळ कुठला, तर फोर्झा होरायझन ५. मेक्सिकोतल्या रस्त्यांवरून गाड्या पळवायच्या. थोरला म्हणाला, काही नको, अकरावीचं पाहा. पुण्याहून धाकट्याचा फोन आला, "बाबा, ते जुनं भंगारात द्या, मी नवीन सेटचे पैसे पाठवतो."

आपल्या घरांत मुलाच्या मागणीला हीच दोन उत्तरं मिळतात. घरात राहणारा म्हणतो नको, आणि बाहेरगावी राहणारा म्हणतो नवीनच घेऊन टाका. माझं मत असं की दोन्ही उत्तरं देणाऱ्याचा वेळ वाचवतात, बाकी काही नाही. कोणी ते कॅबिनेट उघडून त्या पोराशेजारी बसत नाही. आणि हे मी साधूसारखं सांगत नाहीये. २०१५ साली मी स्वतः तेच केलं होतं.

धाकटा तेव्हा इंजिनियरिंगला होता. मी एफडी मोडून त्याला कॉम्प्युटरसाठी ४५,००० दिले. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, मॉनिटर, यूपीएस, सगळं त्यात बसलं. मग तो म्हणाला, कार्डासाठी अजून थोडे हवेत. मी म्हटलं, "अभ्यासाला कार्ड कशाला लागतं?" विषय संपला. महिनाभराने पाहतो तर अंगणात सायकल नाही. त्याने ती विकून, शिकवणीचे पैसे घालून जीटीएक्स ७५० टीआय घेतलं होतं. मी पंधरा दिवस त्याच्याशी बोललो नाही. सायकल मी दिलेली होती, याचा मला राग होता. त्याने ती का विकली हे मी विचारलंच नाही. पुढे त्याची नोकरी पुण्याला लागली, तो गेला, कॉम्प्युटर इथेच राहिला. सौ. त्यावर जुनं टेबलक्लॉथ घालायची आणि वर्षातून एकदा दिवाळीला पुसायची.

मी कॉमर्सचा माणूस, हिशेब सुटत नाही. आयकराच्या नियमाने कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा मिळतो. घरच्या वस्तूला तो लागत नाही, पण सवयीने मी मांडला. दहा वर्षांनी ४५,००० ची पुस्तकी किंमत उरते पावणेतीनशे रुपयांच्या आत. भंगारवालाही साधारण तेवढंच देईल. म्हणजे धाकटा म्हणत होता ते कागदावर बरोबरच होतं.

तरी मी नातवाला हो म्हटलं. आणि लगेच चूक केली, ती आधी सांगून टाकतो.

स्वस्तात काम होईल म्हणून आम्ही जुनं कार्ड घेतलं. आरएक्स ५८०, ८ जीबी, ७,५०० रुपये. विकणाऱ्याने चालवून दाखवलं, मी पैसे मोजले. पावती नाही, काही नाही. बँकेत अडतीस वर्षं काढलेल्या माणसाने हे करावं! सप्टेंबर २०२२ पर्यंत ही असली कार्डं इथेरियम नावाचं आभासी चलन काढायला रात्रंदिवस जुंपलेली असत. ते चलन दुसऱ्या पद्धतीवर गेलं आणि अशी कार्डं ढिगाने जुन्या बाजारात आली. सगळीच वाईट असतात असं नाही, पण तपासायचं कसं हे ठाऊक नसेल तर ती विनातारण दिलेल्या कर्जासारखी आहेत. आमचं तीन आठवड्यांत गेलं. आधी पडद्यावर रंगीत पट्टे, मग खेळ सुरू केला की दहा मिनिटांत कॉम्प्युटर बंद.

एका दुकानात दाखवलं. त्याने हात न लावताच सांगितलं, "अंकल, मदरबोर्ड गया समझो, पूरा सेट नया ले लो." कोटेशन ७२,०००. धाकट्याचा पुन्हा फोन, मी पाठवतोच आहे. मी नको म्हटलं तर तो चिडला. "तेव्हाही नाहीच म्हणालात," एवढंच बोलून फोन ठेवला. रात्री झोप लागली नाही मला.

सकाळी पोहे खाऊन आम्ही दोघं कॅबिनेट उघडून बसलो. आधी धूळ. पंखा बोटाने धरून ठेवायचा आणि मग ब्लोअर मारायचा, नाहीतर तो गरगर फिरून खराब होतो, हे नातवाने मला शिकवलं. मग मी विचारलं, ह्या कार्डाला वीज कुठून येते? तिथे घोळ सापडला. मदरबोर्डाचा स्लॉट कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज देतो. धाकट्याचं ७५० टीआय ६० वॅटचं, त्याला वेगळी वायर लागतच नव्हती. आरएक्स ५८० ला १८५ वॅट लागतात, म्हणून त्याला एसएमपीएसमधून आठ पिनांची वेगळी वायर हवी. आमच्या जुन्या एसएमपीएसला ती नव्हतीच. विकणाऱ्याने दोन जुन्या पिनांना एक कन्व्हर्टर लावून दिला होता, आणि त्याचं प्लास्टिक पिवळं पडून वाकलं होतं. एसएमपीएसवर ४५० वॅट छापलंय, पण वजनाला तो रिकाम्या डब्यासारखा. छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही हे तरी मला कळायला हवं होतं. किती बॅलन्स शीट पाहिल्या आहेत आयुष्यात.

धाकट्याचं जुनं कार्ड परत लावलं. कॉम्प्युटर सुरू झाला! मदरबोर्ड शाबूत होता.

यानंतर मी नातवाला एक दोनशे पानी वही दिली. म्हटलं, तुला काय हवंय ते मला सांगू नकोस, मशिनला काय कमी पडतंय ते लिहून आण. तो टास्क मॅनेजर उघडून खेळायचा आणि दर पाच मिनिटांनी दोन आकडे लिहायचा, प्रोसेसर किती टक्के, कार्ड किती टक्के. चार दिवसांची नोंद आली. कार्ड सतत ९९-१००, प्रोसेसर ६०-७०. म्हणजे अडतंय ते कार्डाशी. शिवाय खेळ बनवणाऱ्यांनी कमीत कमी काय लागतं याची यादी दिलेली असते, तीही त्याने उतरवली होती. प्रोसेसर आय-फाइव्ह ४४६० चालेल, कार्ड मात्र जीटीएक्स ९७० तरी हवं. आमचा प्रोसेसर नेमका ४४६०! काठावर पास. कार्ड नापास.

कर्जाचा प्रस्ताव मी असाच तपासायचो. कारखानदार नवीन मशीन मागतो, आणि जाऊन पाहावं तर माल अडलेला असतो पॅकिंगला.

मग क्रमाने घेतलं. आधी एसएमपीएस, ५५० वॅटचा, चांगल्या कंपनीचा, ४,३००. पोरं हाच खर्च टाळतात, कारण तो पडद्यावर दिसत नाही. मग सिल्व्हर मॉलमध्ये दोन चकरा मारून आरएक्स ६६००, नवं, पक्कं बिल, वॉरंटी, २०,८००. हे कार्ड निवडण्यात माझाही हात होता. ते १३२ वॅटवर चालतं, म्हणजे त्या ५८० पेक्षा कमी वीज आणि कमी उष्णता. इंदूरच्या मे महिन्यात हे महत्त्वाचं आहे. आणि उद्या हा सांगाडा खरंच गेला तर कार्ड काढून पुढच्या कॉम्प्युटरला लावता येतं. लांबीला बसेल का हे सौ.च्या शिवणाच्या टेपने मोजलं. दुसरं एक याहून स्वस्त होतं, आरएक्स ६५०० एक्सटी, पण ते स्लॉटच्या चारच लेन वापरतं आणि जुन्या बोर्डावर मार खातं. हे नातवाने शोधलं. मी तर किंमत पाहून तेच घ्या म्हणणार होतो.

लावलं, बटण दाबलं, पडदा काळा. दोघांचे चेहरे उतरले. आमच्या मॉनिटरला व्हीजीए आणि डीव्हीआय, नव्या कार्डाला त्यातलं काहीच नाही. म्हणून मॉनिटरची वायर नातवाने सवयीने मदरबोर्डालाच लावली होती. सौ. चहा घेऊन आली आणि म्हणाली, "अहो, टीव्हीची वायर सेट टॉप बॉक्सला लावतात ना? मग हिला नव्या पेटीला लावा की." डीव्हीआय-एचडीएमआय केबल आणायला जावं लागलं, पण निदान तिचंच बरोबर होतं. त्या दिवसापासून ती आमची चीफ इंजिनियर.

पुन्हा वही. आता कार्ड ५५-६०, प्रोसेसर १००. गाडी पळते, पण मध्येच अडखळते. म्हणजे आता प्रोसेसर कमी पडतोय. त्याच सॉकेटमध्ये बसणारा जुना आय-सेव्हन ४७९० मिळाला ३,६०० ला. चार कोरच, पण आठ थ्रेड. अडखळणं जवळजवळ थांबलं.

आता हिशेब. ४,३००, २०,८०० आणि ३,६०० मिळून २८,७००. त्यात बुडीत खात्याचे ७,५०० धरायलाच हवेत, म्हणजे ३६,२००. केबल सोडून दिली. ७२,००० च्या निम्म्याहून दोनशे रुपये जास्तच. थोरला म्हणाला, "बाबा, निम्मे पैसे घालूनही मशीन जुनंच राहिलं." खरं आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी चौथ्या पिढीचा प्रोसेसर कंपनी धरत नाही. म्हणून मी घरात नियम केलाय की या कॉम्प्युटरवर नेट बँकिंग, यूपीआय, पॅन, आधार काहीही करायचं नाही. फक्त खेळ. तुम्हीही हे पाळा, माझ्या बाकीच्या मतांशी जमो न जमो.

आणि प्रत्येक जुनं मशीन वाचवावं असंही मी म्हणत नाही. कोअर टू ड्युओच्या काळातलं असेल तर त्यात कार्ड घालणं म्हणजे पडक्या भिंतीला ऑइल पेंट. लॅपटॉप असेल तर त्याचं कार्ड बहुधा बदलताच येत नाही. मदरबोर्ड खरंच गेला असेल तर मोह सोडा. आम्हाला जुगाड जमला कारण सांगाडा चांगला होता, आणि तो निवडणाऱ्याने त्या वेळी डोकं लावून निवडला होता. वीस-एकवीस वर्षांच्या पोराने. मला हे कळायला दहा वर्षं लागली.

याच माणसाने, म्हणजे मी, बँकेत कॉम्प्युटर येऊ नयेत म्हणून गेटवर घोषणा दिल्या आहेत. १९८४ च्या रंगराजन समितीनंतर शाखांत लेजर पोस्टिंगची मशीनं आली, तेव्हा आम्हाला वाटलं नोकऱ्या गेल्या. पण सगळे लेजर एका दिवसात फेकले नव्हते कोणी. आधी एक खातं मशीनवर, बाजूला जाडजूड वही सुरूच. मशीन अडलं की वही उघडायची. किती महिने दोन्ही चाललं. त्या वेळी कंटाळा यायचा, दुप्पट काम.

दिवाळीला धाकटा आला होता. फराळ झाला, तो आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. जाऊन पाहिलं तर काका-पुतणे दोघं मेक्सिकोत गाडी पळवत होते. कॅबिनेटची बाजू उघडीच होती. त्याने मागे न वळता विचारलं, "बाबा, माझं ७५० कुठंय?" मी कपाटातून काढून दिलं. नई दुनियाच्या जुन्या अंकात गुंडाळून ठेवलं होतं. त्याने उलटंपालटं करून पाहिलं, पुण्याला नेतो म्हणाला. सायकलीचा विषय मी काढला. तो म्हणाला, "जाऊ द्या हो, तिचं चाक तसंही वाकडं झालं होतं." वाकडं नव्हतं झालं, मला नक्की आठवतं.

एक काम आहे मंडळी. वहीच्या नोंदीप्रमाणे आता रॅम कमी पडतेय, ८ ची १६ करायची आहे. जुनी डीडीआर-थ्री, डेस्कटॉपची, ८ जीबीची काडी लोकमान्य नगर, सुदामा नगर किंवा राजेंद्र नगरात कोणाकडे पडून असेल तर खाली कळवा. नातू आणि मी येऊन घेऊन जाऊ, योग्य ते पैसे देऊ. या वेळी चालवून बघूनच.