झिरोचा दिवा

आमच्या दिवाणखान्यात झुंबर आहे. बारा दिव्यांचं. गेल्या सात वर्षांत ते तीनदा लागलं: दोनदा लग्नाच्या बोलणीला आणि एकदा बटण चुकून. उलट ज्या खोलीत आम्ही रोज ओले, अनवाणी, चष्म्याशिवाय आणि अर्धवट झोपेत वावरतो, त्या न्हाणीघरात परवापरवापर्यंत झिरोचा दिवा होता.

"न्हाणीघरात काय ग्रंथ वाचायचेत?" हा आमच्या अण्णांचा सवाल. या एका सवालाने किती घरांतली न्हाणीघरं अंधारात ठेवली असतील, देव जाणे! माझं म्हणणं एवढंच, की ग्रंथ नसला तरी फरशी वाचावी लागते. साबणाची वडी कुठे घरंगळली, पाणी कुठे साचलंय, हे दिसावं लागतं. एका पहाटे ते आईला दिसलं नाही. मनगट मोडलं. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये. त्या काळात पोळ्या मी करत होतो, हा घरच्यांना झालेला दुसरा अपघात.

"त्यात दिव्याचा काय दोष?" इति अण्णा.

दोष आहे! वय वाढतं तशी डोळ्यातली बाहुली लहान होते, भिंग पिवळटतं आणि आत पोचणारा उजेड घटतो. म्हणजे ज्यांना दिव्याची जास्त गरज, त्यांच्याच वाट्याला आम्ही झिरो ठेवतो. आणि काटकसर तरी कसली? शून्य म्हणवणारा तो जुना बल्ब १२ ते १५ वॅट खायचा. आज ९ वॅटचा एलईडी जुन्या ६० वॅटच्या बल्बाइतका उजेड देतो. म्हणजे इतकी वर्षं आम्ही जास्त पैसे मोजून अंधार विकत घेत होतो!

शेवटी वायरमन आला. त्याने शॉवरशेजारी एक उघडा होल्डर लोंबकळत सोडला आणि म्हणाला, "काही होत नाही, साहेब." या वाक्यावर कायद्याने बंदी हवी! ओल्या अंगाचा विजेला होणारा विरोध कमी पडतो, पाय ओल्या फरशीवर असतात आणि तारेत २३० व्होल्ट असतात. होतं ते एकदाच होतं, आणि झाल्यावर सांगायला साहेब उरत नाही.

तो होल्डर मी काढायला लावला. दिवा बंद काचेआडचा आणला, 'आयपी ४४' छापलेला. यातला दुसरा चार पाण्याचा: कुठूनही शिंतोडे उडाले तरी दिवा दाद देत नाही. प्रत्यक्ष पाण्याचा झोत बसणार असेल, तर तिथे ५ हवा. बटण दाराबाहेर नेलं. आणि मुख्य म्हणजे ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवलं. "एमसीबी आहे की!" असं अण्णा म्हणाले. पण एमसीबी तारांची काळजी घेते, माणसांची नव्हे. आरसीसीबीचा स्वभाव आमच्या आईसारखा. मंडईत पाठवलेल्या पैशांतले किती परत आले, हे ती जशी मोजते, तसं ते गेलेला आणि परतलेला प्रवाह ताडून बघतं. हिशेबात तूट दिसली, म्हणजे वीज कुणाच्या तरी अंगातून जमिनीत पळत असण्याचा संभव. की लगेच खटका पडतो. तरी अर्थिंग हवंच. दारावर कुत्रा आहे म्हणून कुणी कडी उघडी टाकत नाही.

आरशाच्या दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीवर, एकेक दिवा लावला. पूर्वी डोक्यावरच्या दिव्याने नाकाची सावली ओठावर पडायची, आणि मी अर्ध्या मिशीनिशी कचेरीत जायचो. रात्रीसाठी दाराशी एक मिणमिणता दिवाही आहे. त्याची जागा तीच: वाट दाखवायची, अंघोळ घालायची नाही.

या सगळ्याला झुंबराच्या निम्म्यानेही खर्च आला नाही. पण आम्हां मध्यमवर्गीयांचा उजेड पाहुण्यांसाठी असतो. हाडं मात्र घरच्यांची मोडतात.

आता न्हाणीघर लख्ख असतं. तरी आई अजून भिंतीला हात धरूनच आत जाते. दिवा बदलायला एक दुपार पुरली. भीतीला किती लागेल, माहीत नाही.

परवा झुंबरातले दोन दिवे गेले. अण्णा म्हणाले, "बदलून टाक."

मी म्हटलं, "कशाला? दिवाणखान्यात काय ग्रंथ वाचायचेत?"