पदव्या घेऊन आलेले आणि होडीतून आलेले

अमेरिकेत स्थायिक झालेल्या परदेशी समूहांच्या आर्थिक स्थितीची चर्चा निघाली की बहुधा एकच मोजपट्टी लावली जाते : आलेला माणूस शिकलेला किती होता? शिक्षण अधिक तर मिळकत अधिक, असे हे सरळ गणित. परंतु इजिप्तमधून आणि व्हिएतनाममधून अमेरिकेत गेलेले दोन समूह शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर हे गणित जुळत नाही. इजिप्तमधून आलेल्या प्रौढांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक लोक पदवीधर आहेत. व्हिएतनाममध्ये जन्मलेल्या स्थलांतरितांत पदवीधरांचे प्रमाण एक-तृतीयांशाहूनही कमी भरते, आणि त्यांच्यातील निम्म्याहून अधिक लोकांना आजही इंग्रजी नीट बोलता येत नाही. असे असूनही दोन्ही समूहांच्या कौटुंबिक मिळकतीत शिक्षणाइतकी मोठी तफावत दिसत नाही. २०१९ मध्ये व्हिएतनामी अमेरिकन कुटुंबाची मध्यम वार्षिक मिळकत सुमारे ७० हजार डॉलर होती आणि अशा कुटुंबांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश कुटुंबे स्वतःच्या घरात राहत होती. इजिप्शियन समाजात मात्र यशस्वी डॉक्टर-अभियंत्यांच्या जोडीलाच भाड्याच्या खोलीत दिवस काढणारा नवागतांचा मोठा वर्ग आढळतो.

ख्रिस्ती वाचकांच्या दृष्टीने या तुलनेला आणखी एक महत्त्व आहे. व्हिएतनामच्या लोकसंख्येत कॅथलिकांचे प्रमाण जेमतेम सात टक्के आहे. अमेरिकेतील व्हिएतनामी समाजात ते तीस टक्क्यांच्या आसपास आहे. इजिप्तमध्ये अल्पसंख्य असलेले कॉप्टिक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बांधव अमेरिकेतील इजिप्शियन समाजाचा फार मोठा घटक आहेत. म्हणजे ही कथा बऱ्याच अंशी आपल्या श्रद्धाबंधूंचीच आहे.

प्रथम इजिप्तकडे वळू. १९५२ च्या लष्करी क्रांतीनंतर गमाल अब्देल नासर यांच्या राजवटीत जमीनदारीवर मर्यादा आल्या आणि १९६१ मध्ये मोठ्या उद्योगांचे राष्ट्रीयीकरण झाले. व्यापार-व्यवसायात असलेल्या अनेक सुखवस्तू कुटुंबांचा आधार त्यामुळे सुटला. त्यांत कॉप्टिक कुटुंबेही होती. १९६५ मध्ये अमेरिकेने देशवार कोट्याची जुनी पद्धत रद्द केली आणि शिक्षित, कुशल परदेशीयांसाठी दार उघडले. १९६७ च्या युद्धातील पराभवानंतर निराश झालेला इजिप्तचा सुशिक्षित वर्ग त्या दारातून आत गेला. डॉक्टर, औषधशास्त्रज्ञ, अभियंते, प्राध्यापक असे ते लोक होते. १९९९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे अहमद झेवैल याच काळात उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत आले. न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया येथे या पिढीने घरे घेतली, चर्चे उभारली. जर्सी सिटीतील संत मार्क यांच्या नावाचे कॉप्टिक चर्च हे त्यांतील सर्वांत जुन्यांपैकी एक होय.

इजिप्शियन समाजाच्या श्रीमंतीची जी ख्याती आहे ती या पहिल्या पिढीने मिळवलेली आहे. १९९० च्या कायद्याने अमेरिकेने सोडतीची व्हिसा योजना आणली आणि १९९५ पासून ती पूर्णपणे अमलात आली. ज्या देशांतून फारसे लोक येत नाहीत अशा देशांच्या नागरिकांसाठी वर्षाला सुमारे ५५ हजार व्हिसा चिठ्ठ्या टाकून द्यायचे, अशी ही योजना. अट फक्त माध्यमिक शिक्षणाची किंवा एखाद्या कुशल कामातील दोन वर्षांच्या अनुभवाची. तिचा लाभ घेणाऱ्या देशांत इजिप्त सातत्याने वरच्या क्रमांकांवर राहिला. वरच्या इजिप्तमधील मिन्या, अस्यूत, सोहाग या प्रांतांतील सामान्य कॉप्टिक कुटुंबे प्रथमच अमेरिकेत पोहोचू लागली. २०११ च्या उठावानंतरची अस्थिरता आणि ऑगस्ट २०१३ मध्ये अनेक चर्चेसवर झालेले हल्ले यांमुळे आश्रय मागणारेही वाढले. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरात कॉप्टिक लोकांची मोठी वस्ती झाली आहे. तेथील अनेक जण हॉटेलांत आणि अशाच कष्टाच्या कामांत आहेत.

सोडतीचा व्हिसा प्रवेश देतो. त्यापुढे काही देत नाही. विमानाचे तिकीट, पहिल्या महिन्याचे भाडे, नोकरी, भाषा, सगळे ज्याचे त्याने पाहायचे. शिवाय पदवीची किंमत सीमा ओलांडताना घटते. कैरोत रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरला अमेरिकेत परवाना-परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात आणि रुग्णालयात काही वर्षे निवासी डॉक्टर म्हणून काम करावे लागते. त्या जागा मर्यादित असतात. औषधशास्त्राच्या पदवीधरालाही समकक्षतेच्या परीक्षेतून जावे लागते. ज्याच्यामागे बायको-मुले आहेत तो परीक्षेची पुस्तके बाजूला ठेवून टॅक्सीचे चाक हाती घेतो. हे दोन वर्षांपुरते, असे तो म्हणतो. दोनाची दहा होतात. आपल्या भागातून परिचारिका, शिक्षक वा अभियंते होऊन परदेशी गेलेल्या मुलामुलींच्या आईवडिलांना हे वेगळे सांगावयास नको.

आता व्हिएतनामकडे पाहू. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगावचा पाडाव झाला आणि त्या वर्षी सुमारे सव्वा लाख निर्वासित अमेरिकेत आले. या पहिल्या तुकडीत अधिकारी आणि सुशिक्षित मंडळी पुष्कळ होती. नंतरचे मात्र होडीतून निघालेले कोळी, शेतकरी, लहान दुकानदार होते. समुद्रात किती जण बुडाले, किती चाच्यांच्या हाती पडले, याची मोजदाद कोणालाच करता आली नाही. जे वाचले ते मलेशिया, थायलंड, फिलिपिन्समधील छावण्यांत महिनोन्‌महिने राहिले आणि हाती काहीही नसताना अमेरिकेत उतरले. यांतील अनेक कॅथलिक कुटुंबांचे हे दुसरे निर्वासन होते. १९५४ मध्ये देशाची फाळणी झाली तेव्हा ती उत्तरेकडील गावे सोडून, बहुधा आपल्या धर्मगुरूंच्या मागोमाग, दक्षिणेत आली होती.

अमेरिकन जनता त्यांच्या स्वागतास उत्सुक होती असे मात्र नव्हे. मे १९७५ मधील गॅलप चाचणीत ५४ टक्के लोकांनी या निर्वासितांना देशात घेण्यास विरोध दर्शवला होता. बाजूने होते ३६ टक्के. टेक्सासच्या किनाऱ्यावर कोळंबी पकडणाऱ्या व्हिएतनामी कोळ्यांना कू क्लक्स क्लॅनच्या टोळ्यांनी धमकावले आणि १९८१ मध्ये कोळ्यांनी न्यायालयात जाऊन त्यांना रोखले. लोकमत विरोधात असतानाही सरकारने या लोकांना निर्वासितांचा दर्जा दिला, आणि त्या दर्जाबरोबर मदत आली. १९७५ मध्ये स्वयंसेवी संस्थांना प्रत्येक निर्वासितामागे ५०० डॉलर देण्यात आले. १९८० च्या निर्वासित कायद्यानुसार सुरुवातीस तीन वर्षांपर्यंत रोख व वैद्यकीय साहाय्य मिळण्याची सोय होती. पुढे ती कापत कापत १९९१ पर्यंत आठ महिन्यांवर आणली गेली. इंग्रजीचे वर्ग होते, कामाचे प्रशिक्षण होते. मुख्य म्हणजे प्रत्येक कुटुंबामागे एक प्रायोजक होता. प्रायोजक मिळवून देणाऱ्या संस्थांमध्ये सर्वांत मोठा वाटा अमेरिकन कॅथलिक बिशपांच्या संस्थेचा होता. धर्मप्रांतांनी धर्मग्रामांना हाक दिली आणि धर्मग्रामांतील कुटुंबांनी घर शोधण्यापासून मुलांना शाळेत घालण्यापर्यंतची जबाबदारी उचलली.

यातील गंमत अशी की, सरकारने या निर्वासितांना मुद्दाम देशभर विखरून टाकले होते, म्हणजे कोणत्याही एका गावावर भार पडू नये. काही वर्षांतच ते आपापल्या नातलगांकडे, आपल्या भाषेतील मिस्साकडे सरकत गेले आणि कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटी, टेक्सासमधील ह्यूस्टन, लुईझियानातील न्यू ऑर्लिन्स येथे त्यांच्या वसाहती झाल्या. शासनाची योजना फसली, आणि माझ्या मते तेच त्यांच्या पथ्यावर पडले.

कारण आर्थिक उन्नती एकेकट्याच्या बळावर फारशी होत नाही. नखे सजवण्याच्या व्यवसायाचेच पाहा. १९७५ मध्ये सॅक्रामेंटोजवळच्या एका छावणीत अभिनेत्री टिपी हेड्रन यांनी सुमारे वीस व्हिएतनामी स्त्रियांना हे काम शिकवण्याची व्यवस्था केली. या कामाला इंग्रजी थोडे पुरते, भांडवल कमी लागते आणि कॅलिफोर्नियात ४०० तासांच्या प्रशिक्षणानंतर परवाना मिळतो. बहिणीने बहिणीला, मावशीने भाचीला शिकवले. आज अमेरिकेतील या व्यवसायातील जवळजवळ निम्मे कारागीर व्हिएतनामी आहेत. दुकान घालण्यासाठी पैसा बँकेतून आला नाही. तो आला ‘हुई’मधून. हुई म्हणजे आपली भिशीच. दर महिन्याला प्रत्येकाने ठरावीक रक्कम टाकायची आणि पाळीने एकेकाने उचलायची. इजिप्शियन लोकांतही ‘गमैय्या’ नावाने हीच पद्धत आहे. ज्या वसईत १९१८ पासून कॅथलिक सहकारी बँक उभी आहे, तेथील वाचकांना ही शक्ती परिचित आहे.

भिशी दोघांकडेही आहे, मग फरक कोठे पडला? एक उत्तर न्यूयॉर्कच्या रस्त्यावर सापडते. तेथे हातगाडीवर भात आणि कोंबडीचे मांस विकण्याच्या धंद्यात इजिप्शियन लोकांनी जम बसवला; १९९० मध्ये तीन इजिप्शियन भागीदारांनी मॅनहॅटनच्या एका कोपऱ्यावर लावलेल्या गाडीतून ‘द हलाल गाइज’ ही मोठी उपाहारगृहांची साखळी उभी राहिली. पण शहराने हातगाड्यांच्या परवान्यांची संख्या १९८० च्या दशकातच सुमारे तीन हजारांवर गोठवून ठेवली. मग नवागताने जुन्या परवानाधारकाकडून चोरट्या बाजारात दोन वर्षांसाठी वीस-वीस हजार डॉलर मोजून परवाना भाड्याने घ्यायचा. २०२१ मध्ये शहराने परवाने टप्प्याटप्प्याने वाढवण्याचा कायदा केला, तोवर एक पिढी गाडी ढकलण्यात गेली. नखांच्या दुकानाचा परवाना मेहनतीने मिळत होता. हातगाडीचा परवाना मेहनतीने मिळत नव्हता.

दुसरे कारण घरातले आहे. व्हिएतनामी कुटुंबे तुलनेने मोठी असतात आणि त्यांत कमावणारे हातही अधिक असतात. आई, वडील, मोठी मुलगी, कधी आजीही. इजिप्शियन स्थलांतरितांत घराबाहेर नोकरी करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण त्या मानाने कमी आहे. म्हणून कुटुंबाची मिळकत पाहिली तर दोन समाज जवळ येतात, आणि दरडोई पाहिली तर व्हिएतनामी मागे पडतात. कोणते कोष्टक पुढे करायचे ते पुढे करणाराच ठरवत असतो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

व्हिएतनामी यशाचे गोडवे गाताना त्याची किंमतही सांगितली पाहिजे. १९९० च्या जनगणनेत, म्हणजे सायगावच्या पाडावानंतर पंधरा वर्षांनीही, या समाजातील चारांत एक माणूस दारिद्र्यरेषेखाली होता. ते प्रमाण आठांत एकापर्यंत खाली यायला जवळजवळ आणखी तीस वर्षे लागली. नखांच्या दुकानांतील स्त्रिया टोल्युईन, फॉर्माल्डिहाइड अशा रसायनांच्या वाफा दिवसभर श्वासातून घेत आल्या आहेत, आणि त्यांची मजुरी फारशी नाही. मुले अभियंते झाली हे खरे. ती आईच्या फुप्फुसांच्या मोलावर झाली, हेही तितकेच खरे.

न्यू ऑर्लिन्सच्या पूर्वेकडील व्हर्साय वस्तीचा अनुभव या संदर्भात फार बोलका आहे. १९७५ नंतर तेथील कॅथलिक धर्मादाय संस्थेने वसवलेल्या या लोकांनी ‘मेरी क्वीन ऑफ व्हिएतनाम’ हा धर्मग्राम उभा केला. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळाने शहर बुडाले. इतर वस्त्या ओस असताना हे लोक काही आठवड्यांतच परतले. त्यांचे धर्मगुरू फादर व्हिएन न्गुयेन यांनी पडझड झालेल्या चर्चमध्ये मिस्सा सुरू केली आणि वीज पूर्ववत व्हावी म्हणून परतलेल्या कुटुंबांची यादीच वीज कंपनीपुढे ठेवली. २००६ मध्ये वस्तीजवळ वादळाचा मलबा टाकण्यासाठी कचराभूमी उघडण्यात आली, तेव्हा म्हाताऱ्या आज्या आणि अमेरिकेत जन्मलेली नातवंडे एकत्र रस्त्यावर उतरली व ती बंद करवून थांबली. डिसेंबर २००८ मध्ये याच शहरातून जोसेफ काओ हे पहिले व्हिएतनामी अमेरिकन खासदार निवडून आले. येशूसंघात काही वर्षे धर्मगुरुपदाचे शिक्षण घेतलेले हे गृहस्थ बालपणी निर्वासित म्हणून आले होते.

कॉप्टिक चर्चेसही आपल्या लोकांसाठी झटत नाहीत असे नाही. नवागताला पहिला निवारा, पहिली नोकरी आणि वकिलाचा पत्ता बहुधा चर्चच्या आवारातच मिळतो. परंतु त्यांच्यामागे शासनाची मदत नव्हती आणि यजमान समाजातील प्रायोजक कुटुंब नव्हते. स्थलांतरितांचे स्वागत, संरक्षण, संवर्धन आणि समावेश ही चार कर्तव्ये दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी वारंवार सांगितली. सोडतीने आलेल्या इजिप्शियन माणसाला यांपैकी पहिले कर्तव्यही नीटसे लाभले नाही. उरलेली तिन्ही त्याच्या गरीब चर्चने आपल्या ऐपतीप्रमाणे पार पाडली. पोप पायस बारावे यांनी १९५२ मध्ये स्थलांतरितांविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्याच्या आरंभीच हेरोदाच्या भयाने इजिप्तला पळालेले पवित्र कुटुंब आहे. इजिप्तने त्या सुताराला आसरा दिला. त्याच देशातून निघालेल्या कॉप्टिक मजुराच्या वाट्याला सोडतीची चिठ्ठी आली.

ज्या व्यवस्थेने व्हिएतनामी निर्वासितांना उभे केले तिला २०२५ मध्ये खीळ बसली. २० जानेवारी रोजी अमेरिकेच्या नव्या शासनाने निर्वासितांचे आगमन स्थगित करण्याचा आदेश काढला व त्यानंतर पुनर्वसनाचा निधीही रोखला. ७ एप्रिल रोजी अमेरिकन कॅथलिक बिशप परिषदेने निर्वासितांच्या पुनर्वसनाबाबत संघराज्य शासनाशी असलेले करार यापुढे नूतनीकृत करणार नसल्याचे जाहीर केले. जबाबदारी होती, पण ती पार पाडण्यासाठी लागणारा आधार उरला नव्हता. त्याच महिन्याच्या ३० तारखेस सायगावच्या पाडावाला पन्नास वर्षे पूर्ण झाली.