मोळीत पाचट किती?

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या अंतरंगाविषयी लिहावे, हे आपल्यापैकी पुष्कळांना अप्रस्तुत वाटेल. ‘तो प्रांत विज्ञानवाल्यांचा, तू आपली कविता पाठव,’ असे आमच्या वर्गात एकाने ऐकवलेसुद्धा. परंतु ज्या ओझ्याचा भार आपल्या डोक्यावर येतो, त्याच्याविषयी बोलण्याचा अधिकार शाखेच्या वेशीपाशी संपत नाही. प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्ती, निकाल, सातबारा, पीकविमा, सारे काही आज मोबाइलच्या पडद्यावर येऊन बसले आहे. त्या पडद्यामागून जे ओझे येते त्याचे वजन मात्र कोणी करीत नाही. ते झाले पाहिजे, आणि ते करायला आपल्यासारख्यांनाही येते, असे माझे मत आहे.

संकेतस्थळाच्या पानात मजकूर असतो, चित्रे असतात आणि जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेत लिहिलेल्या आज्ञा असतात. ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीसाठी अवघ्या दहा दिवसांत उभी केली. त्या वेळी तिच्याकडे किरकोळ कामे होती. रकाना रिकामा राहिला तर सूचना द्यावी, बटण दाबले तर रंग बदलावा, इतकेच. आज अख्खी पाने तीच रचते. मात्र या आज्ञा प्रत्येक जण स्वतः लिहीत बसत नाही. एनपीएम नावाचे एक मोठे कोठार २०१० पासून उभे आहे. त्यातून तयार भाग उचलायचे. प्रत्येक भाग आपल्याबरोबर आपले सगेसोयरे आणतो, ते त्यांचे आणतात. लग्नाला एका घरी पत्रिका द्यावी आणि टेम्पो भरून माणसे यावीत, तशातला प्रकार. मग वेबपॅकसारखे साधन (हे २०१२ मध्ये टोबियस कॉपर्स यांनी सुरू केले) हे सारे एकत्र बांधून एकदोन फायली करते. त्या बांधणीला इंग्रजीत ‘बंडल’ म्हणतात. मी तिला मोळी म्हणणार आहे.

मोळी म्हणजे काय, हे बीड जिल्ह्यातल्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास मांजरसुंब्याच्या चौकातून ट्रक आणि ट्रॅक्टर बिऱ्हाडे घेऊन जाताना आपण पाहतो. भांडीकुंडी, शेळी, लेकरे, वर बसलेली म्हातारी. सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत ही माणसे ऊस तोडायला जातात. फडात उसाचे वाढे छाटायचे, पाचट सोलायचे आणि मगच मोळी बांधायची, हा रिवाज. बांधायला बंध वाढ्याचाच, म्हणून तेवढे वाढे मोळीबरोबर जाते. त्याला इलाज नाही. बाकी पाचट राहिले तर कारखान्याकडून ओरड होते, आणि कारखान्याच्या आधी ते वाहणाऱ्या बाईची मान ओरडते. संकेतस्थळे बांधणाऱ्यांकडेही पाचट सोलण्याची रीत आहे. रिच हॅरिस यांच्या रोलअपने २०१५ पासून ती रूढ केली. त्यांचा शब्द ‘झाड हलवणे’ असा आहे. वाळकी पाने आपोआप गळावीत ही कल्पना. आमच्या भागात नुसते हलवून पाचट गळत नाही, सोलावे लागते. तिकडेही बहुधा तसेच आहे.

आता मोळी न सोडता आत काय आहे ते कसे पाहावे? याची युक्ती मला फार आवडली. मेरिलँड विद्यापीठातील बेन श्नायडरमन यांच्या प्रयोगशाळेत १९९० च्या सुमारास चौदा जणांत मिळून ८० मेगाबाइटची एकच डिस्क होती आणि ती सारखी भरत असे. जागा नेमकी कोणी खाल्ली, हे एका दृष्टिक्षेपात कळावे म्हणून त्यांनी एक चौकोन घेतला आणि वाटणीपत्रात जमिनीचे तुकडे पाडावेत तसे त्याचे तुकडे पाडले. ज्याची फाइल मोठी त्याचा तुकडा मोठा, आणि तुकड्यात आणखी तुकडे. ‘ट्रीमॅप’ म्हणतात तो हाच. वेबपॅक बंडल ॲनालायझर नावाचे साधन जावास्क्रिप्टच्या मोळीचा असाच नकाशा काढून देते. तो वाचायला गणित लागत नाही. भाऊबंदकीत वाढलेल्या कोणालाही ‘याला एवढा तुकडा कसा गेला?’ हा प्रश्न सुचतोच, आणि नकाशा पाहून विचारायचा प्रश्न नेमका तोच असतो.

एक प्रयोग म्हणून मी आमच्या संगणक कक्षात एक कोरे पान केले. त्यात मोमेंट नावाचा, तारखा लिहून देणारा एक प्रसिद्ध भाग जोडला, वेबपॅकने मोळी बांधली आणि नकाशा काढला. पान करायचे काय, तर आजची तारीख दाखवायची. नकाशात मात्र एका बाजूला मोमेंटचा स्वतःचा चौकोन आणि दुसऱ्या बाजूला भाषांच्या फायलींचे बारीक बारीक तुकडे, शंभराहून अधिक! याचे कारण असे की कोणती भाषा मागितली जाईल हे मोमेंट ऐनवेळी ठरवतो. वेबपॅकला ते आधी कळणे शक्य नसते, म्हणून ते बिचारे सगळ्याच भाषा मोळीत घालते. त्या गर्दीत आइसलँडची भाषा होती, वेल्श होती, आणि ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेतल्या काल्पनिक परग्रहवासीयांची क्लिंगॉन भाषासुद्धा होती. मांजरसुंब्याला ती बोलणारे कोणी माझ्या पाहण्यात नाही.

त्या तुकड्यांत एक मराठीचा होता. तो उघडून पाहिला, आणि मराठीची विद्यार्थिनी म्हणून खरोखर समाधान वाटले. देवनागरी अंक आहेत, महिन्यांची नावे आहेत, सकाळी-दुपारी-सायंकाळी-रात्री असे दिवसाचे भागही आहेत. इतकेच नव्हे तर ‘एक तास’ आणि ‘एका तासापूर्वी’ यांतले सामान्यरूप कोणीतरी आठवणीने वेगळे लिहून ठेवले आहे. व्याकरणाच्या तासाला आपण ज्याला कंटाळतो ते तिथे कामाला आले. एवढे निगुतीने केलेले काम असंबद्ध गर्दीत दडपून जावे, हे मला खटकले. आणि दुसरी गोष्ट अशी की ब्राउझरला मराठी तारीख अंगचीच येते. इंटल नावाची सोय त्याच्यात असते. तिला मराठी सांगितले की देवनागरी अंकांत महिन्यासह तारीख लिहून देते, एकही जास्तीची फाइल न मागवता. खुद्द मोमेंटच्या कर्त्यांनी सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर केले की आमचे काम आता पूर्ण झाले आहे, नव्या प्रकल्पांनी दुसरे पर्याय पाहावेत. तरी तो अजून पुष्कळ मोळ्यांत आढळतो.

यावर ठरलेला आक्षेप येतो, की डेटा आता स्वस्त झाला, एवढ्यातेवढ्याचा हिशेब कशाला? २०१६ साली जिओ आल्यापासून डेटा स्वस्त झाला, हे खरेच आहे. पण खर्च केवळ आणण्याचा नसतो. चित्र आले की मोबाइल ते दाखवून मोकळा होतो. जावास्क्रिप्ट मात्र आधी वाचावी, समजून घ्यावी आणि मग राबवावी लागते. हे काम मोबाइलच्या मेंदूचे आहे, आणि स्वस्त मोबाइलचा मेंदू बेताचा असतो. शहरात संगणकाशी बसून पान तयार करणाऱ्याला जे क्षणात उघडते, ते चार वर्षांच्या जुन्या मोबाइलवर पांढरे होऊन पडून राहते. एचटीटीपी आर्काइव्ह ही संस्था जगभरच्या पानांची मोजदाद करते; तिच्या २०२४ च्या आकड्यांप्रमाणे मोबाइलवरचे मधल्या वजनाचे पान अर्ध्या मेगाबाइटहून अधिक जावास्क्रिप्ट मागवते, आणि हे दाबून बांधलेले वजन आहे. कापसाची गाठ प्रेसमध्ये दाबून लहान होते, म्हणून कापूस कमी होत नाही. नकाशावर दाबलेले वजन आणि उकललेले वजन दोन्ही पाहता येतात. बांधणारे लोक कौतुकाने पहिले सांगतात. आपण दुसरे विचारावे.

माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीचे आईवडील तोडीला जातात. घरातला बरा मोबाइल त्यांच्याबरोबर फडावर असतो, कारण मुकादमाचा फोन त्यावर येतो. तिच्याकडे राहतो तो जुना, काच तडकलेला. गेल्या वर्षी तिला एका परीक्षेचा अर्ज भरायचा होता. कोणत्या ते सांगत नाही. तीन संध्याकाळी पान पांढरेच राहिले. चौथ्या दिवशी ती चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेली, तिथे रांग होती, आणि अर्ज गेला तो विलंबशुल्कासह. ते शुल्क म्हणजे तिच्या घरच्या हिशेबात किती मोळ्या, याचे गणित तिने मला करून दाखवले; इथे ते मांडायचा मला अधिकार नाही. नंतर मी त्या पानाचा नकाशा काढला. दुसऱ्याच्या पानाचाही तो काढता येतो. क्रोम ब्राउझरमध्ये लाइटहाऊस म्हणून सोय आहे, ती विनामूल्य आहे. त्या अर्जात आलेख काढणारा एक अवाढव्य भाग होता. अर्जावर आलेख एकही नव्हता! तारखांचाच एक भाग दोनदा होता, एक जुना आणि एक नवा, एकाच घरात दोन चुली असाव्यात तसा. मैत्रिणीला फक्त नाव, जात-प्रवर्ग, गुण आणि फोटो द्यायचा होता.

अर्थात नकाशा म्हणजे निवाडा नव्हे. मोठा तुकडा दिसला की तो काढाच, असे म्हणणे अडाणीपणाचे होईल. एखादा मोठा तुकडा खरोखरच पान चालवत असतो. चालू भेटीत किती आज्ञा वापरल्याच गेल्या नाहीत हेही क्रोम सांगतो, पण चूक झाली तरच जागी होणारी सूचना त्याच्या दृष्टीने बिनकामाचीच दिसते. मोळीचे तुकडे करून लागेल तसे पाठवावेत हा एक उपाय सांगतात. तो चांगला आहे, पण मांजरसुंब्याच्या घाटात जिथे रेंज येते आणि जाते, तिथे प्रत्येक नव्या तुकड्यासाठी पुन्हा वाट पाहावी लागते. तेव्हा शहाणपणाने किती खेपा करायच्या हेही पाहिले पाहिजे. एवढे मान्य करूनही माझे म्हणणे कायम राहते. तपासून ठेवलेले ओझे आणि न पाहता लादलेले ओझे यांत फरक आहे. मार्च २०१६ मध्ये एनपीएमच्या कोठारातून लेफ्ट-पॅड नावाचा अकरा ओळींचा एक भाग त्याच्या कर्त्याने काढून घेतला, तर जगभर हजारो प्रकल्पांची बांधणी अडली. तो आपल्या मोळीत आहे, हे त्यांपैकी बहुतेकांना त्या दिवशीच कळले.

सार्वजनिक पैशाने जी संकेतस्थळे होतात, त्यांच्या निविदेत रंग, बोधचिन्ह, मुदत यांच्या अटी असतात. त्यांतच एक वजनाची अट घालावी: अर्जाचे पहिले पान इतक्या किलोबाइटच्या आत, आणि स्वस्तातल्या स्वस्त मोबाइलवर उघडून दाखवल्याशिवाय देयक मंजूर नाही. रस्त्याच्या कामात डांबराची जाडी मोजतात, मग याचीच मोजणी का नको? आणि सुरुवात दुसरीकडून कशाला, आपल्याच महाविद्यालयाच्या संकेतस्थळापासून करता येईल. संगणक कक्षातील सरांनी एक दुपार द्यावी, नकाशा मी काढते. तो रंगीत छापून ग्रंथालयाबाहेरच्या सूचनाफलकावर लावावा, शेजारी पेन्सिल बांधून ठेवावी, आणि ज्याला जो तुकडा अनावश्यक वाटतो त्यावर त्याने खूण करावी. प्रवेश-अर्ज जूनमध्ये सुरू होतात, तोवर वेळ आहे.