गाडीची झळाळी आणि श्रावकाची यतना

माजिवड्याच्या नाक्यावर नाशिककडे जाणारा महामार्ग आणि घोडबंदर रस्ता वेगळे होतात. अवजड वाहनांची रहदारी तेथे रात्रंदिवस चालते. त्यात वडाळा-कासारवडवली मेट्रोचे काम वर्षानुवर्षे चालल्यामुळे आसपासच्या सोसायट्यांत उभ्या असलेल्या गाड्यांवर सिमेंटची बारीक राखाडी धूळ बसत आली आहे. सकाळी दुकानाकडे निघालेला गृहस्थ बॉनेटवरून सहज हात फिरवतो, पुढे डिकीतले फडके काढून कोरडेच दोन हात मारतो आणि गाडी स्वच्छ झाली असे समजतो. गाडीच्या रंगाचे सर्वांत मोठे नुकसान याच दोन हातांत होते. त्या धुळीत वाळूचे कण असतात आणि कोरडे फडके पॉलिश कागदाचे काम करते. उन्हात काळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या ज्या गोल रेषा दिसतात, त्या बहुधा अशाच पडलेल्या असतात.

आजच्या गाडीचा रंग थरांचा असतो. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लाखेसारखा क्लिअर कोट. या सर्वांची जाडी मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरते आणि त्यातला क्लिअर कोट जेमतेम ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या एका केसापेक्षाही पातळ असतो. चमक त्याची, आणि उन्हापासून रंगाचे रक्षण करणाराही तोच. पॉलिश ओरखडा भरून काढते, हा समज चुकीचा आहे. पॉलिशमधील बारीक खर ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून सपाट करते, म्हणून ओरखडा दिसेनासा होतो. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक पॉलिश मुद्दलातून फेडले जाते. मेण मात्र वरून बसते आणि वरूनच झिजते. त्यात मुद्दलाला हात लागत नाही.

दर सणाला पॉलिश करण्याची सवय जुन्या पिढीकडून आली, आणि त्या पिढीचे काही चुकले नव्हते. १९२०च्या दशकात अमेरिकेतील ड्युपॉन्ट कंपनीने ‘ड्यूको’ हा झटपट वाळणारा रंग आणला. त्यापूर्वी गाडी रंगवून वाळायला आठवडे लागत. आपल्याकडील रंगारी अजूनही फवाऱ्याच्या रंगाला ‘ड्यूको’च म्हणतात. ॲम्बॅसॅडर आणि पद्मिनीच्या काळात वर क्लिअर कोट नसे. ऊन-पावसाने रंग निस्तेज झाला की पॉलिशने वरचा मेलेला थर काढावाच लागे आणि फडक्याला गाडीचा रंग लागे. आता फडके पांढरेच राहते, त्यामुळे काहीच झिजले नाही असे वाटते. झिजते, फक्त दिसत नाही. काही साध्या रंगाच्या गाड्यांवर आजही क्लिअर कोट नसतो. दाराच्या आतल्या कडेला पांढऱ्या फडक्याने थोडे पॉलिश घासून पाहिले, तर आपली गाडी कोणत्या जातीची ते कळते.

आता जैन घरापुढचा खरा प्रश्न. या कामाच्या बाजारातील जुन्या नामांकित वस्तूंपैकी बऱ्याच प्राणिज आहेत. ‘शॅमी’ म्हणून विकले जाणारे खरे पुसणे हे बहुधा मेंढीचे कातडे असते आणि ते माशाच्या तेलात कमावलेले असते. चाके घासण्याचे भारी ब्रश कधीकधी डुकराच्या केसांचे असतात, तर पॉलिश यंत्राचे काही पॅड मेंढीच्या कातड्यासकट असलेल्या लोकरीचे असतात. डब्यातील मेणात मधमाश्यांचे मेण मिसळलेले असू शकते. ज्या घरात मध वर्ज्य आहे, त्या घराने गाडीवर ते का चोळावे? कार्नोबा मेण मात्र ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरून मिळते, म्हणजे ते पूर्णतः वनस्पतिजन्य आहे. तरीही डब्यावर कार्नोबा लिहिले म्हणजे आत केवळ कार्नोबा, असे नव्हे. हे मेण इतके कठीण असते की एकटे पसरत नाही, आणि ते मऊ करण्यासाठी इतर मेणे व तेले घालतात. घटक विचारून घ्यावेत. दुकानदाराला सांगता न आल्यास कृत्रिम पॉलिमरचे सीलंट घ्यावे. शॅमीऐवजी मायक्रोफायबरचे फडके आणि साध्या कृत्रिम केसांचा ब्रश पुरेसा आहे. यात कामाचा दर्जा तसूभरही कमी होत नाही. उलट मायक्रोफायबर कातड्यापेक्षा धूळ अधिक चांगली धरून ठेवतो.

पाण्याचेही तसेच. नळी लावून शंभर लिटर पाणी गटारात सोडणे ना अपकायाच्या यतनेत बसते, ना उन्हाळ्यातील टँकरच्या हिशेबात. दोन बादल्या पुरतात: एकीत गाडीचा सौम्य शॅम्पू, दुसरीत फडके खळबळण्यासाठी साधे पाणी. भांड्यांचा साबण मेण उतरवतो, तो टाळावा. पाणी गाळून घ्यावे. धर्म सोडला तरी त्यातील रेतीचा कण रंगाला नको आहे. बोअरचे पाणी जड असल्यास ते गाडीवर वाळू देऊ नये, क्षाराचे पांढरे ठिपके पडतात. काम दिवसाउजेडी, सावलीत, पत्रा गार असताना करावे. रात्री दिव्यावर येणारे किडे ओल्या पत्र्याला चिकटून मरतात. पाणी घालण्यापूर्वी मऊ ब्रश हलक्या हाताने आरशांच्या खोबणीतून आणि वायपरच्या खालून फिरवावा, मुंग्या आणि कोळी तेथेच घर करतात.

सिमेंटचा थर कधीही खरवडू नये. सिमेंट अल्कधर्मी असते. व्हिनेगर आणि पाणी समभाग घेऊन भिजवलेले फडके त्यावर काही मिनिटे ठेवावे आणि भरपूर न घासता धुऊन टाकावे. पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी ओल्या फडक्याने उचलावी, उन्हात ती क्लिअर कोटवर कायमचा डाग सोडते. धुतल्यावर बोटांवर प्लास्टिकची पातळ पिशवी घालून रंगावरून फिरवून पाहावे. खरखर लागली तर चिकटलेली घाण उरली आहे. ती क्ले बारने, भरपूर ओलावा ठेवून काढावी. त्यानंतरच मेण, तेही एका वेळी एकाच भागावर, अगदी पातळ.

एक गोष्ट मात्र घराघरांत बोलली जात नाही. बहुतेक सोसायट्यांत गाडी मालक धूत नाही. पहाटे एक मुलगा एक बादली आणि एक फडके घेऊन दहा-बारा गाड्या पुसतो. पहिल्या गाडीची वाळू बाराव्या गाडीवर जाते. ओरखडे दिसले की बोलणी त्याने खायची, पगार कापायचा त्याचा. वास्तविक त्याला दुसरी बादली आणि प्रत्येक गाडीचे स्वतंत्र फडके कोणी दिलेलेच नसते. मायक्रोफायबरच्या चार फडक्यांचा खर्च एका पॉलिशच्या खर्चापुढे किरकोळ आहे. ते फडके गाडीच्या क्रमांकाची चिठ्ठी शिवून त्याच्या हाती द्यावे, आठवड्याने घरी धुऊन घ्यावे, आणि ज्या दिवशी पाणी नसेल त्या दिवशी गाडी पुसूच नको असे त्याला स्पष्ट सांगावे. धूळ बसलेली गाडी एक दिवस तशीच दुकानापुढे उभी राहिली, तर गिऱ्हाईक परत जात नाही.

पावसाळ्याआधी, ज्येष्ठात, मेणाचा एक हात द्यावा. पुढे चातुर्मासात बॉनेटवर पाण्याचे गोल थेंब उभे राहतात तोवर मेण शिल्लक आहे असे समजावे. पाणी पसरू लागले की दिवाळीपूर्वी दुसरा हात.