मेन्यूकार्डाचा हिशेब

नवे मेन्यूकार्ड छापायला देण्याआधी बहुतेक हॉटेलांत दोनच गोष्टींवर खल होतो: दर किती वाढवायचे आणि नवे पदार्थ कोणते घालायचे. आहेत त्या पदार्थांपैकी कोणते हॉटेलला पोसतात आणि कोणते नुसताच भटारखाना अडवतात, हा विषय क्वचितच निघतो. त्याचे उत्तर बिलिंगच्या संगणकात रोज साठत असते. ते काढून पाहायला हवे.

ते पाहण्याची रीत जुनी आहे. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या मायकेल कसावाना आणि डोनाल्ड स्मिथ यांनी ती १९८२ मध्ये मांडली. पदार्थ किती खपतो, आणि मालाचा खर्च वजा जाता एका प्लेटमागे किती रुपये सुटतात, एवढे दोनच प्रश्न. दोन्हींत सरस तो ‘स्टार’. खपतो भरपूर पण सुटते थोडे, तो ‘प्लाउहॉर्स’. सुटते चांगले पण मागणी नाही, तो ‘पझल’. दोन्हींत मागे तो ‘डॉग’. खपाची कसोटी म्हणजे त्या विभागातल्या सरासरी वाट्याच्या ७० टक्के. कार्डावर २० भाज्या असतील तर प्रत्येकीचा सरासरी वाटा ५ टक्के. महिन्याला हजार प्लेट भाज्या जात असतील, तर ३५ प्लेटही न खपणारी भाजी मागे पडली.

या धंद्यात फूड कॉस्टच्या टक्क्याला फार मान आहे आणि तिथेच घोटाळा होतो. समजा, मिसळ १२० रुपयांची आणि तिला माल ३६ रुपयांचा, म्हणजे ३० टक्के. मटण थाळी ४५० रुपयांची, माल १९८ रुपयांचा, म्हणजे ४४ टक्के. टक्के पाहिले तर मिसळ वरचढ. गल्ल्यात मात्र मिसळीमागे ८४ रुपये राहतात, थाळीमागे २५२.

पण हिशेब इथे संपत नाही. मिसळीचे गिऱ्हाईक २० मिनिटांत उठते, थाळीचे तासभर बसते. दाराशी रांग असेल तर त्याच खुर्चीवर तासाभरात तीन मिसळी होतात आणि रक्कम तीच, २५२ रुपये. रविवारी सकाळी मिसळ मुळीच कमी नाही. मंगळवारी संध्याकाळी टेबले रिकामी असताना कॅप्टनने थाळीच सुचवायला हवी. खुर्ची आणि तास धरून उत्पन्न मोजण्याची ही दृष्टी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कॉर्नेल विद्यापीठातल्या शेरिल काइम्स यांच्या संशोधनातून रुजली.

मालाचा आकडा खरा असेल तरच हे गणित खरे. मिसळीत दुसऱ्यांदा वाढलेला कट आणि वरून मागितलेले फरसाण धरायलाच हवे. तांबडा-पांढरा रस्सा अमर्याद देणाऱ्यांनी पहिल्या वाटीचा खर्च न धरता संपूर्ण पातेल्याचा खर्च गेलेल्या थाळ्यांवर वाटावा. १५ नोव्हेंबर २०१७ पासून ५ टक्के जीएसटी आकारणाऱ्या रेस्टॉरंटला खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे सिलिंडरपासून पॅकिंगच्या डब्यापर्यंत भरलेला कर हाही खर्चच आहे.

वर्गवारी झाली की कामाला लागावे. प्लाउहॉर्सचा दर एकदम वाढवू नये. आधी वजनकाटा घेऊन प्लेटमधले प्रमाण आणि सोबतचे पदार्थ तपासावेत. पझल विभागात पहिल्या ओळीत आणावा, त्यात काय आहे ते एका वाक्यात सांगावे आणि वेटरला एकदा चाखायला द्यावा. डॉग काढून टाकावा. काढताना मालकाचा हात थरथरतो, हे खरे. मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४८ मध्ये सॅन बर्नार्डिनोमधले आपले चालते हॉटेल काही काळ बंद ठेवून २५ पदार्थांचे ९ केले आणि १५ सेंटच्या हॅम्बर्गरवर पुढचा डोलारा उभा राहिला.

कार्डाच्या मांडणीबद्दलही ऐकीव गोष्टींपेक्षा पुरावा पाहावा. उजव्या पानावर मध्याच्या किंचित वर नजर आधी जाते, असे वर्षानुवर्षे सांगितले जाई. सिबिल यांग यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वाचकांच्या नजरेचा माग काढला, तेव्हा लोक कार्ड पुस्तकासारखे क्रमाने वाचतात असे दिसले. त्याआधी २००९ मध्ये यांग, काइम्स आणि मौरो सेसारेगो यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एका पाकशिक्षण संस्थेच्या उपाहारगृहात किमतींची तऱ्हा बदलून पाहिली. डॉलरचे चिन्ह किंवा शब्द नसलेला नुसता आकडा वाचणाऱ्यांनी जास्त खर्च केला. आपल्याकडे हेच घडेल असे गृहीत धरू नये. दोन तऱ्हेची कार्डे पंधरा-पंधरा दिवस टेबलावर ठेवून बिले ताडून पाहता येतील.

एक खबरदारी महाराष्ट्रातल्या हॉटेलचालकांनी जरूर घ्यावी. अहवालात श्रावण मिसळला तर उत्तम चालणारे मटणही डॉगच्या रांगेत जाऊन बसते. मांसाहारी पदार्थांचा निकाल श्रावण वगळून आधीच्या तीन महिन्यांच्या विक्रीवर लावावा. श्रावणासाठी उपवासाच्या आणि शाकाहारी पदार्थांचे एकपानी कार्ड काढावे आणि त्याची विक्री स्वतंत्र नोंदवावी, म्हणजे पुढच्या वर्षीचे श्रावणी कार्ड त्याच आकड्यांवरून ठरवता येईल.