अनुभवाचा दाखला

गतवर्षीं दिवाळीच्या सुटींत आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी वडिलांसह मजकडे आला होता. वाणिज्य शाखेची पदवी त्यानें प्रथम श्रेणींत मिळविली होती. पण निकालास चार महिने लोटले तरी हिशेबनिसाची जागा कांहीं मिळेना. जेथें जावें तेथें एकच प्रश्न : "दोन वर्षांचा अनुभव आहे काय?" वडील संकोचत म्हणाले, "सर, पैसे घेऊन अनुभवाचा दाखला देणारा एक गृहस्थ भेटला आहे. काय करावें?"

ते गृहस्थ लबाड नव्हते, थकले होते. पहिल्या पायरीवरच्या जागेस दुसऱ्या पायरीची अट घालणारे मालकही ह्या कामीं निर्दोष नाहींत, हें आधींच सांगून टाकतों. तथापि मीं "नको" असेंच उत्तर दिलें. आणि त्याचें कारण नीतीचें आहे तितकेंच व्यवहाराचेंही आहे.

खोटा दाखला कचेरीच्या दारांतून आंत नेईल, पुढें काय? नव्या हिशेबनिसापुढें बँकेचा उतारा ठेवतात आणि म्हणतात, "आपल्या रोकडवहीशीं जुळवून द्या." परीक्षेंतही हें गणित असतें, परंतु तेथें फरकाचीं कारणें प्रश्नांतच छापलेलीं असतात. अमुक धनादेश वटला नाहीं, तमुक आकार वहींत नोंदला नाहीं. विद्यार्थ्यानें मिळवावें वा वजा करावें, इतकेंच. कचेरींत फरक तेवढा समोर असतो, कारणें कोणी सांगत नाहीं. तीं हुडकून काढतां येणें ह्यासच मी अनुभव म्हणतों. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर लागू झाल्यावर तर हें जुळवाजुळवीचें काम फारच वाढलें आहे. आपण माल घेतला, कर दिला, बिल वहींत चढविलें. तरी विक्रेत्यानें तें आपल्या विवरणपत्रांत दाखविलें नसेल, तर त्या कराची वजावट आपणांस मिळत नाहीं. मग त्या विक्रेत्यास वरचेवर दूरध्वनि करून, पण गोडीनें, तें काम करवून घ्यावें लागतें. टॅलीच्या वर्गांत हें कोणी शिकवीत नाहीं.

मग शिकावें कोठें? माझ्या मतें, लहानशा करसल्लागाराच्या कचेरींत. तेथें किराणा दुकानदार, औषधविक्रेता, कंत्राटदार अशा नाना व्यवसायांच्या बिलांच्या पिशव्या येऊन पडतात, आणि नवशिक्याच्या हातीं सर्वच लागतें. दरमहा ७ तारखेस उगमस्थानीं कापलेला कर भरावयाचा, ११ ला विक्रीचें विवरणपत्र, २० ला कराचें. अशा वेळीं हात नेहमींच अपुरे पडतात. (अर्ज घेऊन १९ तारखेस मात्र कोणीं जाऊं नये!) वेतन अल्प असतें, म्हणून पालक नाक मुरडतात. पालकहो, आरंभीच्या वर्षीं मुलाला किती मिळालें ह्यापेक्षां त्याच्या हातून किती वह्या गेल्या हें विचारीत जा. ह्याचा अर्थ फुकट राबावें असा नव्हे. महिनोन्महिने बिनवेतनी ठेवणाऱ्याची नोकरी खुशाल सोडावी. शिकाऊ उमेदवारांसंबंधींच्या १९६१ च्या कायद्यांत २०१४ सालीं दुरुस्ती झाल्यापासून वाणिज्य पदवीधरांसही विद्यावेतनासह उमेदवारी करण्याची वाट मोकळी आहे. तिची माहिती फारच थोड्या घरांत असते.

त्या मुलास मीं विचारलें, "तुमच्या गृहनिर्माण संस्थेचा जमाखर्च कोण लिहितो?" एक वृद्ध सभासद लिहीत, पण त्यांची दृष्टि मंदावली होती. "मग त्यांच्या शेजारीं जाऊन बस," मीं म्हटलें.

पंधरा दिवसांनीं तो धांवतच आला. संस्थेची वही व बँकेचें पासबुक ह्यांत ५९० रुपयांचा फरक कित्येक महिने तसाच पुढें ओढला जात होता. एका सभासदाचा धनादेश न वटल्याबद्दल बँकेनें ५०० रुपये आकारले होते आणि त्यावर १८ टक्के दरानें ९० रुपये कर. ती नोंद वहींत कोणींच केली नव्हती. प्रथम श्रेणीचा निकाल सांगतांनाही त्याच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मीं पाहिला नव्हता. पुढें एका करसल्लागाराकडे अर्ज देतांना त्यानें अनुभवाच्या रकान्यांत ही हकीकतच जशीच्या तशी लिहिली.

गेल्या महिन्यांत शाळेच्या कार्यक्रमास ये म्हणून मीं त्यास बोलाविलें. वडिलांचा वेतनाविषयींचा असंतोष अद्याप गेलेला नाहीं, असें तो हंसत म्हणाला, आणि घाईघाईनें पुढें म्हणाला, "सर, आज १८ तारीख. २० झाली कीं येतों."