‘त’चा ‘थ’ आणि अर्थाचा अनर्थ

कॅथरीन या नावाचा अर्थ विचारला की नामकोश तत्परतेने सांगतात : ‘शुद्ध, पवित्र’, मूळ ग्रीक. ग्रीक म्हटले की आपल्या सुशिक्षितांची जिज्ञासा तेथेच संपते. संस्कृत व्युत्पत्तीला पदोपदी पुरावा मागणारी हीच मंडळी येथे निमूटपणे मान डोलावतात.

पुरावा मागितला तर काय आढळते? या नावाचे जुने ग्रीक रूप ‘ऐकातेरिने’. त्यात ‘त’ आहे. ‘शुद्ध’ या अर्थाचा ग्रीक शब्द ‘काथारोस’; त्यात ‘थ’ आहे. हा भेद देवनागरी गिरवणाऱ्या बालकालाही कळावा! शिवाय आरंभीचा ‘ऐ’ कोठून आला, याचे उत्तर ‘काथारोस’पाशी नाही. काही अभ्यासक या नावाचा संबंध हेकाते या प्राचीन ग्रीक देवतेशी जोडतात, काही ‘दोहोंपैकी प्रत्येक’ अशा अर्थाच्या ‘हेकातेरोस’ शब्दाशी. निर्णय अद्याप झालेला नाही. ‘शुद्ध’ हा अर्थ ख्रिस्ती परंपरेने मागाहून जोडला आणि त्याला साजेसे व्हावे म्हणून लॅटिन लेखनात ‘त’चा ‘थ’ झाला. अर्थासाठी अक्षरच पालटले! ग्रीस आणि रशिया यांनी मात्र ‘त’ सोडला नाही. १७४४ साली जर्मन राजकन्या सोफीने रशियन चर्चचा स्वीकार केला, तेव्हा ती ‘एकातेरिना’ झाली.

हे नाव जिच्यामुळे जगभर पसरले, त्या अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनला चौथ्या शतकाच्या प्रारंभी हौतात्म्य आले, असे कथा सांगते. तिच्या अस्तित्वाचा समकालीन पुरावा उपलब्ध नाही. १९६९ साली रोमने तिचा सण सार्वत्रिक दिनदर्शिकेतून वगळला; २००२ साली तो पुन्हा घेतला.

त्या सणाचा दिवस २५ नोव्हेंबर. १५१० साली याच दिवशी आल्बुकर्कने गोवा जिंकले. त्यानंतर शहरातील मुसलमानांची सरसकट कत्तल झाली; तिचा वृत्तान्त त्याने स्वतःच आपल्या राजाला कळवला. जुन्या गोव्याचे से कॅथेड्रल याच संत कॅथरीनला अर्पण केलेले आहे. ‘पवित्र’ म्हणून मिरवणाऱ्या नावाचा हा इतिहास कोणत्या नामकोशात आहे?

हे नाव धारण करणाऱ्या कोणत्याही कन्येला यामुळे तिळमात्र उणेपणा येत नाही. उणेपणा आहे तो पारखल्यावाचून अर्थ वाटणाऱ्या कोशकारांचा आणि ते शिरोधार्य मानणाऱ्या वाचकांचा. मूळ ग्रीक असो वा संस्कृत, कसोटीचा दगड एकच हवा. आपल्या घरातील बारशाच्या यादीलाही तोच लावण्याची तयारी ठेवली, तरच इतरांकडे पुरावा मागण्याचा अधिकार उरतो.